वजनकाट्याला न दिसणारी चरबी

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, ते ५७ किलोपर्यंतच्या गटात. आता तेवढ्याच उंचीचा नि वजनाचा एखादा बैठे काम करणारा गृहस्थ काट्यावर उभा करा. काटा दोघांना सारखेच लेखेल. स्नायू किती, चरबी किती, हे तो सांगत नाही. वर्गातल्या मुलांची उंची आणि वजन आपण दरवर्षी नोंदवतो, तेव्हा हे ध्यानात असते का?

चरबी म्हणजे शरीराचे कोठार, असेच आपण शिकलो आणि शिकवत आलो. जादा अन्न तेथे साठते आणि उपासात उपयोगी पडते. हे चूक नाही, पण अपुरे आहे. १९९३ साली अमेरिकेत हॉटामिसलिगिल, स्पीगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लठ्ठ उंदरांच्या मेदपेशींत एक ओळखीचे प्रथिन मोठ्या प्रमाणावर सापडले: टीएनएफ-अल्फा. जखम झाली वा जंतू शिरले, की दाह उत्पन्न करणाऱ्या रसायनांपैकी हे एक. येथे तर ना जखम, ना जंतू! हे प्रथिन निष्प्रभ केल्यावर त्या उंदरांत इन्शुलिनचे काम सुधारले. पुढे २००३ साली अमेरिकेतल्याच दोन गटांनी दाखवले, की लठ्ठपणात मेदऊतीत भक्षक पेशींची गर्दी होते आणि दाहक रसायने बव्हंशी त्याच सोडतात.

पण हा दाह पेटतो कशाने? मेदपेशी फुगत जाते, रक्तवाहिन्या त्या मानाने वाढत नाहीत. प्राणवायू कमी पडू लागतो, काही पेशी मरतात आणि भक्षक पेशी त्यांच्याभोवती कडे करतात. शिवाय जादा इंधनाने भरलेल्या पेशीत प्राणवायूपासून अतिक्रियाशील रेणू तयार होतात. लोखंड गंजते तसाच काहीसा प्रकार. मात्र पेशीजवळ गंज आवरणारी विकरे असतात. ती कमी पडली, की त्या स्थितीला ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’ म्हणतात. २००४ साली जपानमधील संशोधकांनी लठ्ठ उंदरांत हा ताण प्रामुख्याने चरबीतच वाढतो असे दाखवले. ताणाने दाह वाढतो, दाहाने ताण. आणि दोघांमुळे इन्शुलिनचा संदेश पेशीत नीट पोचत नाही.

हे सारे लठ्ठांचे झाले. आपल्याकडे मधुमेह होतो तो पुष्कळदा बारीक माणसालाही. त्याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. योगायोग असा, की १९९३ सालीच के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयवही लहान होते. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. बाळ दिसायला रोड, पण चरबी राखून असलेले!

याज्ञिकांनी मग स्वतःचेच उदाहरण दिले. लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे त्यांचे सहकारी. चरबीतून येणाऱ्या दाहक रसायनांवर त्यांचेही काम होते. उंची-वजनावरून काढलेला दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या छायाचित्रासह हे प्रसिद्ध झाले. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हेही त्यात प्रांजळपणे नोंदवले आहे. फरक सगळा जन्माचाच, असे मानू नये.

पुढे २००८ मध्ये पुणे परिसरातील खेडी, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती येथील ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चरबी आणि रक्तातील दाहाच्या खुणा यांचा संबंध स्पष्ट दिसला.

त्या सहा खेड्यांतली बाळे वाढली. अठराव्या वर्षी त्यांची तपासणी झाली, तेव्हा अंगाने बारीक असूनही कित्येकांच्या रक्तातील साखर प्रमाणापेक्षा अधिक निघाली. मुलींपेक्षा मुलांत जास्त.