लिनियसचे कागद

इ. स. १७७६ च्या मार्च महिन्यांत स्वीडनमधील एका आजारी वृद्धानें आपल्या पत्नीसाठीं एक कागद लिहून ठेविला. प्रिय पत्नीला थडग्यांतून आलेला आवाज, अशा अर्थाचा मथळा त्यानें स्वतःच त्यावर घातला. मजकूर मात्र सगळा व्यवहाराचा आहे. वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला उंदीर व कसर लागूं देऊं नये; कोणाही शास्त्रज्ञाला त्यांतील एक झाडही चोरूं देऊं नये; १००० डकॅटांच्या खालीं तो विकूं नये; आणि मुलाला तर मुळींच देऊं नये, कारण त्याला या शास्त्राची आवड नाहीं.

हा वृद्ध म्हणजे कार्ल लिनियस. १७५३ सालच्या त्याच्या ग्रंथानें प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचें लॅटिन नांव देण्याची पद्धति रूढ केली. आपल्या आंब्याचें मँजिफेरा इंडिका हें नांव त्याच ग्रंथांतलें. तरुणपणीं हॉलंड, इंग्लंड व फ्रान्स पाहून १७३८ मध्यें तो स्वदेशीं परतला, तो पुन्हा बाहेर गेला नाहीं. मग जगांतलीं झाडें त्याच्यापर्यंत पोंचलीं कशीं? कांहीं पुस्तकांतून. मलबारच्या वनस्पतींसाठीं त्यानें 'हॉर्टस मलबारिकस' या डचांनीं सिद्ध करविलेल्या बारा खंडांचा आधार घेतला. त्याच्या पहिल्या खंडांत रंग भट, विनायक पंडित व अपु भट या कोंकणी वैद्यांचें नागरी अक्षरांतील निवेदन छापलेलें आहे. बाकीचीं झाडें आलीं तीं शिष्यांच्या पेट्यांतून आणि टपालानें.

त्या टपालापैकीं सुमारें ३००० पत्रें आज लंडनच्या लिनियन सोसायटीच्या संग्रहांत आहेत. लंडनचा कापडव्यापारी कॉलिन्सन, दक्षिण अमेरिकेंतील बोगोटाचा म्युटिस, १७६८ मध्यें तरंगमबाडीस येऊन राहिलेला कोनिग अशी ती मंडळी. त्यांत सर्वांत चटका लावणारें पत्र फोर्स्कालचें. मक्केच्या सुगंधी डिंकाचें झाड कसें असतें याचा ध्यास लिनियसनें अनेक वर्षें घेतला होता. त्या झाडाची फांदी या शिष्यानें अरबस्तानांतून १७६३ मध्यें गुरूकडे रवाना केली आणि त्याच वर्षीं जुलै महिन्यांत येमेनमध्यें तापानें त्याचा अंत झाला. त्याचे उरलेले सोबती मुंबईस पोंचले. त्यांपैकीं क्रॅमर हा डॉक्टर तेथेंच वारला. कपड्यांना बिलगून बसणाऱ्या एका चिवट झाडाला लिनियसनें फोर्स्कालचें नांव दिलें. वाळलेलें पान स्वतः एवढी हकीकत सांगत नाहीं. त्याला पत्राची जोड लागते.

या पत्रसंग्रहांत ऐकूं येतो तो मुख्यतः दुसऱ्यांचा आवाज. लिनियसनें स्वतः लिहिलेलीं पत्रें साहजिकच दुसऱ्यांच्या घरीं गेलीं. हॅलर या स्विस पंडितानें तर आपल्याकडे आलेलीं कांहीं पत्रें लिनियसच्या हयातींतच त्याला न विचारतां छापलीं. त्याला याचें फार वाईट वाटलें, आणि तें योग्यच होतें.

१७७८ मध्यें लिनियस वारला. मुलाविषयींचा त्याचा अंदाज मात्र पुरता खरा ठरला नाहीं. या धाकट्या कार्लनें आईशीं तडजोड करून संग्रह आपल्याकडे घेतला, उंदीर व बुरशी यांपासून तो वांचविला, आणि सर जोसेफ बँक्सनें देऊं केलेली मोठी रक्कम नाकारली. परंतु १७८३ च्या नोव्हेंबरांत तो अविवाहितच वारला. आई सारा एलिझाबेथ हिला मुलींची काळजी होती. तिच्या वतीनें आक्रेल यानें बँक्सला विकत घेण्याविषयीं लिहिलें. २३ डिसेंबर रोजीं हें पत्र आलें तेव्हां बँक्सकडे न्याहारीला जेम्स एडवर्ड स्मिथ हा २४ वर्षांचा वैद्यकाचा विद्यार्थी बसला होता. बँक्सनें स्वतः नकार देऊन पत्र त्याच्या हातीं दिलें. स्मिथनें नॉर्विचच्या आपल्या व्यापारी वडिलांची मनधरणी केली, आणि सगळा खर्च धरून १०८८ पौंडांत सौदा पुरा झाला. सप्टेंबर १७८४ मध्यें २६ पेट्या स्टॉकहोमहून निघाल्या. स्वीडिश युद्धनौकेनें त्या जहाजाचा पाठलाग केल्याचें चित्र पुढें छापलें गेलें. ती शुद्ध कल्पना. हा ठेवा परदेशीं गेल्याची हळहळ स्वीडनमध्यें पुष्कळ झाली, पण विधवेला दोष देतां येत नाहीं. योग्य किंमत आल्याशिवाय विकूं नकोस, असें नवऱ्यानेंच तिला बजावलें होतें.

१७८८ मध्यें स्मिथनें लिनियन सोसायटी स्थापिली आणि १८२१ मध्यें निवडक पत्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. १८२८ मध्यें तो वारला, तेव्हां संग्रहाची मालकी खुद्द सोसायटीकडे नव्हती. तिनें त्याच्या विधवेला ३१५० पौंड देऊन तो घेतला, आणि त्यासाठीं कर्ज काढलें. १ जुलै १८५८ रोजीं डार्विन व वॉलेस यांचे निबंध सोसायटीच्या सभेंत वाचले गेले, तेव्हांही तें फिटलेलें नव्हतें. तें १८६१ मध्यें फिटलें.