धोटा एक, मुलुख तीन



भांडवलशाही जगात सगळीकडे एकसारखीच, असं आम्ही तरुणपणी समजत होतो. मालक नफा कमावतो, कामगार घाम गाळतो, झालं! 1982 च्या संपानंतर ज्या गिरण्या चालू राहिल्या त्यातल्या एकीत आम्ही लागलो. पाळी सुटल्यावर मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा उमगलं की भांडवल ज्या मुलुखात जातं तिथली विषमता हाताशी धरतं. एका धोट्यावरून हे सांगतो.

जुन्या मागावर कांडी संपली की विणकर धोट्यात नवी कांडी घालायचा आणि भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचा. इंग्लंडात लँकेशायरला हीच रीत होती. तिथं ओरड झाली ती रोगराईची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 साली आणि इंग्लंडने पार 1952 साली ही रीत बंद केली.

1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली. यंत्रं इंग्लंडची, धोटाही तिकडचाच. पण इथं त्याला जात चिकटली. अस्पृश्याच्या उष्ट्या धोट्याला तोंड कसं लावायचं, म्हणून जास्त पगाराचं विणाई खातं आपल्या लोकांना बंद! त्यांनी रिंग खात्यात कमी पगारावर राबायचं.

अमेरिकेत तरी काय निराळं होतं? दक्षिण कॅरोलायना राज्यात 1915 साली कायदाच झाला, की कापड गिरणीत गोऱ्या-काळ्यांनी एका खोलीत काम करायचं नाही. बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिकडचा भेद कायद्यात लिहिलेला होता, म्हणून 1964 च्या नागरी हक्क कायद्याने त्यावर घाव घालता आला. इथला भेद कुठल्याच कायद्यात नव्हता. तो शेजारच्या मागावरच्या कामगाराच्या मनात होता आणि मालकाला तो फुकटात मिळाला होता.

म्हणूनच 1928 च्या सहा महिन्यांच्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना ठणकावून विचारलं, की विणाई खातं आमच्या माणसांना खुलं करणार की नाही? पुढे फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकालाच धरून दुसऱ्याला सोडलं तर लढाई अर्धीच राहते.

आज तो धोटा नाही. परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. पण गटारात कंत्राटावर कोण उतरतो, हे फणसवाडीतल्या आपल्या पोरांनी डोळे उघडून पाहावं. कंत्राटदार नवा असेल, उतरणारा माणूस मात्र बहुतेक आपल्यातलाच निघतो. युनियनमध्ये जरूर जा, पण बाबासाहेबांनी 1928 साली विचारला तो प्रश्न बरोबर घेऊन जा.

जय भीम! नमो बुद्धाय!