कातळ फोडणारी हवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महाडहून मुंबईच्या बाजूला निघालात की गावाबाहेर गांधारपाल्याची लेणी लागतात. वर चढून गेलात तर भिंतींवर छिन्नीचे घाव अजून दिसतात. आता उलट जा. पोलादपूर ओलांडून कशेडी घाटाकडे. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीवर काही ठिकाणी वेगळीच खूण दिसेल: उभी, सरळ, नळी मधोमध चिरावी तशी खाच. सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाचा तो उरलेला अर्धा भाग. दगड दोन्हीकडे तोच, आपला काळा कातळ. मधल्या काळात मनगटाची जागा हवेने घेतली, एवढाच फरक. पण त्या फरकाचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

बोरघाटातून रेल्वे चढवली गेली ती १८५६ ते १८६३ या काळात. घाटाचा पायथा आज आपल्या रायगड जिल्ह्यात येतो. जानेवारी १८६१ मध्ये तिथे ४२ हजारांवर माणसे राबत होती. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, दर घावाला पहार जराशी फिरवायची आणि भोक पुरेसे खोल झाले की बंदुकीची दारू ठासायची. डायनामाइटचे पेटंट नोबेलने घेतले १८६७ मध्ये, म्हणजे घाट पुरा झाल्यावर. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, काम पुढे नेले. तिचे नाव राहिले. घण घालणाऱ्यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत.

नेमक्या त्याच वर्षांत फ्रान्स आणि इटलीच्या सरहद्दीवर आल्प्स पर्वतातून सुमारे १३ किलोमीटरांचा फ्रेजुस बोगदा खणला जात होता. १८५७ साली सुरुवात झाली ती हातानेच. मग सोमेये नावाच्या अभियंत्याने डोंगरातून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर हवा दाबली, ती नळांतून आत नेली आणि १८६१ पासून तिच्यावर ड्रिल चालवले. वाफेचे इंजिन आत नेले असते तर माणसे धुराने गुदमरली असती. इथे जोर बाहेर तयार होत होता, काम आत होत होते, आणि वापरून सुटलेली हवा आतल्या माणसांना श्वासालाही मिळत होती. आपण 'दम' हा एकच शब्द श्वासासाठीही वापरतो आणि जोरासाठीही. मला ही गोष्ट वाचताना तो शब्द आठवला.

१८७१ मध्ये तो बोगदा खुला झाला. पुढे वाफेऐवजी डिझेल आले, यंत्राला चाके लागली आणि कॉम्प्रेसर गावोगाव फिरू लागला. महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळानंतर विहिरी खोल करण्याची निकड सगळीकडेच वाढली. पावसाळ्यात आमच्या पोलादपूरकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, पण कातळावरून पाणी सावित्रीला जाते आणि एप्रिलमध्ये हंडे रांगेत उभे राहतात.

आमच्या मोहल्ल्याच्या विहिरीवर कॉम्प्रेसर आला तेव्हा मी सातवीत होतो. विहिरीच्या अगदी काठाशी तो उभा केला. नळीची जोडणी क्लिपने नव्हे, बांधकामाच्या तारेने आवळलेली. दुपारी ती सुटली. सात-आठ हात नळी पिसाळल्यासारखी आपटत राहिली आणि तिचे लोखंडी तोंड एका वडार कामगाराच्या जबड्यावर बसले. अब्बांनी त्याला एका ट्रकमध्ये घालून महाडला नेले. तो पुन्हा कामावर दिसला नाही. ठेकेदार आठवड्याने आला, तो विहिरीचे उरलेले पैसे मागायला.

पुढच्या उन्हाळ्यात आलेला ऑपरेटर वेगळा होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याने यंत्र काठापासून लांब, सपाट जागेवर उभे केले आणि चाकांना दगड लावले. मग चिमूटभर माती हातातून सोडून वारा कुठला ते पाहिले. आम्ही पोरे हसलो. तो म्हणाला, "धूर विहिरीत उतरला तर खालचा माणूस ओरडणार पण नाही." डिझेलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, हे मला फार पुढे कळले.

अण्णाच्या बाकीच्या सवयींचे अर्थही असेच उशिरा लागले. हवा दाबली की तापते, निवली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते आणि टाकी आतून गंजते. म्हणून रोज काम संपल्यावर तो खालची तोटी उघडून पाणी सोडायचा. या यंत्रात दाब असतो दर चौरस सेंटिमीटरला सात किलोच्या आसपास. आकडा किरकोळ वाटतो. पण एक फूट व्यासाच्या झाकणावर त्याचा भार जवळजवळ पाच टन होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो म्हणून त्यावर काही दाबून ठेवणे म्हणजे काय, ते यावरून समजावे. नळीच्या प्रत्येक जोडावर अण्णाने साखळी अडकवलेली असे, जोड सुटला तरी नळी उसळू नये म्हणून. आतली हवा सोडल्याशिवाय तो जोडाला हात लावत नसे. एका पोराने नळीने अंगावरची धूळ उडवायला घेतली तेव्हा अण्णाने त्याच्या थोबाडीत मारली. दाबाची हवा कातडीखाली शिरली तर जीव जातो.

मात्र धुळीच्या बाबतीत अण्णाही बेफिकीर होता. तोंडाला फडके, बस्स. कोरड्या ड्रिलची दगडी पूड फुफ्फुसात बसून सिलिकोसिस होतो. अमेरिकेतल्या खाणकामगारांनी अशा ड्रिलला 'विधवा करणारे यंत्र' असे नाव दिले होते. जॉन लेनर याने १८९०च्या दशकात पोकळ पहारीतून भोकात पाणी सोडणारे ड्रिल काढले, तेव्हा धूळ जागच्या जागी चिखल होऊ लागली. उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. पण जिथे पाण्यासाठीच खणायचे, तिथे ड्रिलला पाणी कोण देणार?

१९४८च्या कारखाने कायद्यात दाबाच्या यंत्रांसाठी ३१वे कलम होते. ते कारखान्यापुरते. महाडच्या एमआयडीसीतल्या टाकीकडे पाहायला निरीक्षक येत असे. ट्रॅक्टरमागे बांधून वाडीवर आलेल्या टाकीकडे कोण पाहणार?

मोठ्या कामांत तंत्र पुढे गेले. कोकण रेल्वेच्या बोगद्यांसाठी १९९०च्या दशकात स्वीडनहून तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे आली. कशेडीचा डोंगरही आता बोगद्याने पार होतो. २०२३च्या गणपतीत त्यातून पहिल्यांदा चाकरमान्यांच्या गाड्या गेल्या. विहिरीवर मात्र अजून कॉम्प्रेसरच येतो.

मागच्या उन्हाळ्यात पोलादपूरजवळ रस्त्याकडेला असाच एक उभा होता, चाकांना काही न लावता. मी दोन दगड उचलून लावले. ट्रॅक्टरवाला पोरगा हसला. "चाचा, तुम्ही या लाईनमधले का?" मी म्हटले, नाही, पण टाकीतले पाणी शेवटचे कधी सोडलेस? त्याला आठवेना. इंजिन बंदच होते. टाकीतली हवा आधीच सोडलेली आहे, एवढे पाहून त्याने वाकून तोटी फिरवली. तांबडे, गंजके पाणी बराच वेळ येत राहिले.