बार्शी : बाजारपेठेचा विकास
सोलापूर जिल्ह्यातील या शहराची व्यापारी भरभराट आणि शेजारच्या मराठवाड्याशी निर्माण झालेली आर्थिक तफावत. मुंबई इलाख्यातील बार्शी, मराठवाडा ज्याचा भाग होता त्या निजाम राज्याच्या सीमेलगत होती. बालाघाटावरून उतरणारा कापूस व गळिताची धान्ये येथील अडतीत येत आणि पुढे मुंबईला जात (पाहा : हैदराबाद संस्थान). १८९७मध्ये बार्शी लाइट रेल्वेने शहर मुख्य लोहमार्गावरील बार्शी रोडशी (आजचे कुर्डुवाडी) जोडले. ७६२ मिमी. रुंदीच्या या मार्गामुळे जड माल स्वस्तात हलू लागला, कापडगिरण्याही निघाल्या. जमिनीच्या कसापेक्षा वाहतूक व सीमा येथे अधिक निर्णायक ठरल्या. मात्र १९११मध्ये हाच मार्ग मराठवाड्यातील लातूरला पोहोचला आणि माल थेट तेथूनच गाडीत चढू लागला (पाहा : लातूर). १९८२मध्ये लातूर जिल्ह्याचे ठिकाण झाले. बार्शी मात्र तालुक्याचेच ठिकाण राहिले.