लागर बीअर, गृहनिर्मित
माल्टचा घट्ट अर्क, त्यात आधीच उतरवलेला हॉप या फुलांचा कडवटपणा आणि सुक्या यीस्टची पुडी अशा तयार संचापासून घरी केलेली बीअर. अर्क गरम पाण्यात विरघळवून, साखर घालून, थंड पाण्याने मात्रा पुरी केल्यावर यीस्ट सोडले की किण्वन सुरू होते. परंतु खरी लागर ही शीततेची निर्मिती होय. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सन यांनी १८८३ मध्ये ज्याचे शुद्ध संवर्धन सिद्ध केले, ते लागरचे यीस्ट सुमारे ८ ते १३ अंश सेल्सिअसला मंदगतीने कार्य करते, आणि तदनंतर पेय शून्य अंशाच्या आसपास कित्येक आठवडे मुरवावे लागते. गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशनासारख्या गावी, जेथे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेथे स्वतंत्र शीतकपाटाविना हे असाध्यच. कित्येक संचांत लागरच्या नावाखाली वीस अंशांना रमणारे, एल या दुसऱ्या बीअरप्रकाराचे यीस्ट असते. त्याचे पेय रुचकर होईल, पण त्यास लागर म्हणणे योग्य नव्हे.

ब्रिटनने घरगुती बीअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये रद्द केली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून मद्यनिर्मिती हा गुन्हा असल्याने हा छंद येथे कायद्याने वर्ज्य आहे. लासूरच्या पूर्वेस, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत, मोठे परवानाधारक बीअर कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अशा मद्यउद्योगांच्या पाणीपुरवठ्यात कपात करण्याचा हुकूम दिला होता.