मुंबईचे नगरपिता डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस

आमच्या ह्या वनभूमीत ख्रिस्ती कुटुंबे नाना ठिकाणांहून येऊन वसली. कोणी बल्लारपूरच्या कागदगिरणीत, कोणी कोळशाच्या खाणीत, तर कोणी शाळा-दवाखान्यांत चाकरीस लागले. १९६२ साली चांद्याचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, त्यानंतर केरळातील धर्मगुरूही येथे सेवेस आले. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. पण दोन्हीकडील अरण्य एकच, आणि आम्हां आगंतुकांपुढील प्रश्नही एकच : परक्या ठिकाणी जाऊन वसणारा मनुष्य त्या ठिकाणाचे काय देणे लागतो? ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी त्याचे उत्तर देणारे एक चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

डॉ. व्हिएगस ह्यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. मुंबईवर अंमल इंग्रजांचा. अशा रीतीने परक्या राज्यातून मुंबईस येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, आणि बंदराजवळील मांडवी ह्या दाट वस्तीत दवाखाना थाटला. पुढे ते नगरपालिकेचे सभासद झाले. १८८८ च्या कायद्याने ७२ सभासदांच्या ह्या सभेकडे शहराच्या आरोग्याचा व खर्चाचा कारभार आला होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतील रोग्यांना तीव्र ताप येऊन जांघेत व काखेत गाठी दिसू लागल्या. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान डॉक्टरांनी केले व ते नगरपालिकेपुढे स्पष्टपणे मांडले. निदान खरे ठरल्यास बंदराच्या व्यापारास धोका आणि शहरात घबराट, हे उघड होते. तरीही सत्य लपविणे त्यांस मान्य झाले नाही. पुढे निदान खरे ठरले, आणि लोक शहर सोडून पळू लागले. डॉक्टर मात्र गलिच्छ वस्त्यांची स्वच्छता व उंदरांचा नायनाट ह्या कामी राबत राहिले. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन ह्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्या लसीचा प्रसार करताना डॉ. व्हिएगस ह्यांनी सुमारे १८,००० लोकांना स्वहस्ते टोचल्याचे सांगतात.

१९०६ साली ते नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती. १९३३ साली त्यांचे देहावसान झाले. धोबीतलावाजवळ मेट्रो चित्रगृहासमोर त्यांचा पुतळा आहे.

बंधु-भगिनींनो, त्यांस हा मान मिळाला तो संकटकाळी खरे बोलून, आपल्या शेजाऱ्यांजवळ राहिल्यामुळे. येथील गोंड-माडिया बांधव ह्या भूमीचे मूळ रहिवासी. त्यांच्यात आम्ही मागाहून आलो. त्यांच्या दुखण्याखुपण्यात आम्ही किती उपयोगी पडलो, ह्याचा हिशेब ज्युबिलीच्या वर्षी आम्ही मनाशी मांडावा, हे उचित होय.