आलेख-आज्ञावलीतील बाह्य माहितीची आयात

बाह्य माहितीची आयात म्हणजे शेअर बाजाराचे आलेख काढणाऱ्या संगणकीय आज्ञावलीत अन्य स्रोतातील आकडेवारी भरून तिची समभागांच्या भावांशी तुलना करणे होय. सोन्याचा भाव, रुपया-डॉलर विनिमय दर, महागाईचा किंवा परदेशी बाजाराचा निर्देशांक अशी आकडेवारी यासाठी वापरली जाते. मेटास्टॉक, अॅमीब्रोकर इत्यादी आज्ञावलींत ही सोय आहे.

फाइलीची रचना

आयातीसाठी बहुधा स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली सीएसव्ही फाइल वापरतात. तिच्या प्रत्येक ओळीत समभागाचे चिन्ह, तारीख, सुरुवातीचा, उच्चतम, नीचतम व बंद भाव आणि व्यवहार झालेल्या समभागांची संख्या असते. भारतातील शेअर बाजार दिवसाचे व्यवहार संपल्यावर प्रसिद्ध करतात ती ‘भावकॉपी’ हे तिचे परिचित उदाहरण होय. महागाईच्या निर्देशांकासारख्या मालिकेत दर महिन्याला एकच आकडा असतो. तो चारही भावांच्या जागी लिहिता येतो.

तारखेचा क्रम आज्ञावलीस सांगणे आवश्यक असते. ०३-०४-२०२४ ही नोंद भारतीय पद्धतीने ३ एप्रिल, तर अमेरिकी पद्धतीने ४ मार्च होते. क्रम चुकल्यास १३ तारखेपासून पुढील नोंदी महिना म्हणून अग्राह्य ठरतात. पहिल्या बारा तारखांच्या बहुतेक नोंदी मात्र चुकीच्या महिन्यात बिनबोभाट जाऊन बसतात.

सामाईक आधार

सेन्सेक्सचा आधार १९७८-७९ = १००, तर निफ्टी ५० चा ३ नोव्हेंबर १९९५ = १००० असा आहे. त्यामुळे मूळ आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. दोन्ही मालिकांचा प्रारंभबिंदू १०० मानून पुढील मूल्ये त्या प्रमाणात काढतात. समभाग २०० रुपयांवरून २६० रुपयांवर आणि निर्देशांक १०,००० वरून ११,५०० वर गेल्यास ती अनुक्रमे १३० व ११५ होतात. त्यांचे गुणोत्तर सुमारे १.१३ येते, याला तुलनात्मक सापेक्ष बल म्हणतात.

तारखांचा मेळ

प्रत्येक बाजाराच्या सुट्ट्या वेगळ्या असतात. दिवाळीच्या मुहूर्ताच्या व्यवहारांचे विशेष सत्र फक्त भारतीय बाजारांत असते. रिकाम्या दिवशी मागील मूल्य पुढे चालवतात किंवा तो दिवस वगळतात. न्यूयॉर्कचा बाजार मुंबईतील बाजार बंद झाल्यावर उघडतो. म्हणून तेथील बंद भावाचा परिणाम मुंबईत पुढील सत्रातच दिसू शकतो. ग्राहक किंमत निर्देशांक महिना संपल्यावर जाहीर होतो. तो जाहीर झाल्याच्या तारखेऐवजी संबंधित महिन्यावर नोंदवल्यास, गुंतवणूकदारास त्या वेळी ठाऊक नसलेली माहिती आलेखात आधीच दिसते.

समायोजन

एकास एक बक्षीस समभाग दिल्यावर १,००० रुपयांचा भाव सुमारे ५०० रुपयांवर येतो, पण भागधारकाचे नुकसान झालेले नसते. जुने भाव निम्मे न केल्यास आलेखात खोटी पडझड दिसते. सेन्सेक्स व निफ्टीच्या नेहमीच्या आकड्यांत लाभांश धरलेला नसतो. व्याजासह वाढणाऱ्या मुदत ठेवीशी तुलना करताना लाभांशासह मोजलेला एकूण परतावा निर्देशांक घ्यावा लागतो. अन्यथा समभागांचा परतावा कमी दिसतो.

मर्यादा

दीर्घकाळ वाढणाऱ्या कोणत्याही दोन मालिकांच्या रेषा सारख्या भासू शकतात. त्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. म्हणून पातळ्यांऐवजी टक्केवारीतील बदलांचा सहसंबंध तपासणे अधिक ग्राह्य मानले जाते.